सामाईक सातबारा

मोजणीचा माणूस नवीन होता. पनवेलला बदली होऊन त्याला महिनाही झाला नसावा. आंब्याखाली यंत्राची तिवई रोवून त्याने घाम पुसला आणि सहज विचारलं, "ही वाडी ज्या जमिनीवर आहे, ती जमीन कुणाची?"

जमलेली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी त्याला म्हटलं, "आमची. म्हणजे माझ्या भावाची आणि माझी." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. तो हसला. वाडीतलं कुणी हसलं नाही, तेव्हा तो यंत्राला डोळा लावून कामाला लागला.

मी पनवेलमधल्या एका सरकारी कार्यालयात आदिवासी वाड्यांचं काम बघते. आमच्या भागातल्या कातकऱ्यांच्या बहुतेक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. जुन्या काळी जमीनमालकांनीच त्यांना आपल्या शेतांवर आणून बसवलं. राखणीला, लाकूडफाट्याला, लावणी-कापणीला माणसं हवी होती आणि माळरानाला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता माणसं नकोशी झालीत आणि माळरानाचे भाव ऐकून झोप उडते. झोपड्यांखालची जागा आणि भोवतालची थोडी मोकळी जागा सरकारने गावठाण म्हणून जाहीर करायची, म्हणजे ज्याचं घर त्याच्या नावावर होतं, असं धोरण आहे. माझा त्या धोरणावर विश्वास होता. इतर वाड्यांसाठी मी त्याच विश्वासाने खेपा घातल्या. मग यादीत आमच्या शेतावरची वाडी आली.

आम्ही आगरी. आजोबांची मिठागरं खाडीच्या बाजूला होती, ती सरकारजमा झाल्यावर घर डोंगराकडच्या भातशेतीवर आलं. तिथे पणजोबांच्या वेळेपासून कातकऱ्यांची वाडी होती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं अशी नावं लागली. आई गेली आणि आम्ही दोघं उरलो.

मोजणीच्या आदल्या दिवशी मी साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "उद्या नुसती ओळख करून द्या. लोक तुम्हाला ओळखतात. त्यानंतर त्या फाईलला हात लावायचा नाही." मला ते बरोबर वाटलं. फाईल माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंकडे गेली. त्या पनवेलच्याच, सरळ कामाच्या बाई.

मोजणी आटोपल्यावर वाडीतली म्हातारी माझ्याजवळ आली. तिने माझा हात धरून मला तिच्या कुडाच्या घराकडे नेलं. ही म्हातारी म्हणजे माझ्या भावाची दुसरी आईच. तो जन्मला तेव्हा आई फार अशक्त झाली होती आणि शेतीची कामं थांबत नव्हती. म्हातारी, म्हणजे तेव्हाची तरुण बाई, सकाळी यायची आणि त्याला कडेवर घेऊन दिवसभर हिंडायची. तो पहिले शब्द तिच्या बोलीत बोलला, म्हणून आईने कपाळाला हात लावला होता. ओढ्यातल्या चिंबोऱ्या भाजून, दाताने फोडून तिने त्याला भरवल्या. आमच्या ओटीवर बसून ती त्याला झोपवायची, पण माजघरात तिला कधी यायला मिळालं नाही. भाऊ आत गेला की ती उंबऱ्याबाहेर बसून हाका मारायची. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तिलाही दिसत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

"आता घर माझ्या नावावर होनार काय गो?" तिने विचारलं.

"होईल. वेळ लागेल, पण होईल."

"बालाला इचारलास?" माझ्या भावाला ती अजून बालाच म्हणायची. त्याला तोवर नातू झाला होता.

भावाला कुणी विचारायची गरज पडली नाही. आठवड्याभरात तोच माझ्याकडे खांदा कॉलनीत आला. येताना करंजाहून सुके बोंबील आणि जवळा घेऊन आला होता, माझ्या यजमानांना आवडतात म्हणून. जेवला, यजमानांशी क्रिकेटवर बोलला, आणि ते आत गेल्यावर पिशवीतून कागद काढला. हक्कसोडपत्र होतं.

"ताय, बिल्डर थांबलाय. तुझी सही झाली का सगळा एका नावावर होल. तुला काय पायजे ते सांग, मी नाय बोलनार नाय."

"मला काही नको. वाडीचा निकाल लागू दे. गावठाणाची जागा बाजूला निघाली की उरलेल्यावर सही करते, तू म्हणशील तिथे."

"म्हंजे मदली जागा त्यांना, आनि कडंची मला? मदी वाडी असली तं कोन घेल ती जागा?"

तो कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिला.

"सरकारनं आपली मिठागरं घेतली," तो म्हणाला, "तवा आजोबासाठी कोन उबा ऱ्हायला? तुज्यासारका कोन होता ऑफिसात? आपली गेली ती गेली. आता पुन्ना आपलीच जानार, आनि या बारीला घेनारी तू."

तो खोटं बोलत नव्हता. मिठागरं गेल्यानंतर आजोबा खाडीकडे तोंड करून बसत नसत, एवढं मलाही आठवतं. मी त्याला म्हटलं, "ज्यांच्या कडेवर तू वाढलास त्यांचं घर आहे रे ते." तो उठला. चपला घालताना म्हणाला, "मी त्यांना रस्त्यावर टाकीन असा वाटतं तुला? दुसरीकडं खोल्या बांधून देन. पत्र्याच्या, नलाच्या." आणि गेला. बोंबलांची पिशवी ओट्यावर तशीच होती. ते शिजवायला फार दिवस माझा हात धजावला नाही.

प्रस्ताव वर गेला. खाली आला. काही त्रुटी काढल्या होत्या, त्या सहकारी बाईंनी पुऱ्या केल्या. पुन्हा वर गेला. भावाने हरकत घेतली, तिच्या सुनावण्या लागल्या, कधी साहेब निवडणुकीच्या कामाला, कधी वकील आजारी. सरकारी कामात हे सगळं नेहमीचंच असतं. इतर वाड्यांच्या बाबतीत मीच लोकांना सांगायची, धीर धरा.

त्या उन्हाळ्यात भावाने वाडी बाहेर ठेवून शेताला तारेचं कुंपण घातलं. वाडी पाणी भरायची ती आमच्या मळ्यातल्या विहिरीवर. विहीर कुंपणाच्या आत गेली आणि फाटकाला कुलूप लागलं. 'तुम्हाला पाणी बंद' असं तो कुणालाही म्हणाला नाही. कुंपण गुरांसाठी होतं, असं सांगत होता. वाडीच्या बाया मग खाली नदीवर जायला लागल्या. उन्हाळ्यात तिथे डबकी उरतात, त्यात झरे खणून वाटी वाटीने हंडा भरायचा. चढ चढून परत.

मी कार्यालयात सगळ्यांच्या टेबलांपुढे उभी राहिले. टँकर सुरू झाला, काही दिवस आला, मग डिझेलचं बिल अडलं आणि बंद झाला. नळ योजनेतून पाईप आणावा म्हटलं तर उत्तर आलं, खासगी जमीन आहे, मालकाचं ना-हरकत पत्र लागेल. मी त्याच दिवशी लिहून दिलं. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी ते वाचून परत माझ्या हातात दिलं.

"मॅडम, सामाईक सातबारा आहे. सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतील."

"गावठाण झालं तर?"

"गावठाण झालं तर काहीच लागणार नाही. मग लगेच देऊ."

त्यांनी नियम सांगितला होता. त्यांच्या खुर्चीत मी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

शेवटी मी माहेरी गेले. भावजयीने चहा ठेवला आणि मागच्या दारी जाऊन बसली. भाऊ झोपाळ्यावर होता. मी म्हटलं, "प्यायच्या पाण्यावरून भांडायचं नाही रे. वडिलांनी कधी विहिरीला कुलूप लावलं नव्हतं."

"वडलांच्या टायमाला सही मागाय कोन नव्हता." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "ताय, आज सही कर. मी आत्ता, तुज्या देकत फाटक उगरतो. तुज्याच हातात चावी देतो, तू जाऊन खोल."

चावी खरंच त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती.

मी तिथून वाडीवर गेले. म्हातारी दारात बसून सुकलेली चिंच फोडत होती आणि तिचा मुलगा कौलांखाली वासा बसवत होता. मुलगा माझ्याच वयाचा. वीटभट्टीवर, नंतर कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात हमालीवर जाऊन त्याची पाठ वाकली होती. मी दोघांना सगळं सांगितलं. सही केली तर आज पाणी मिळेल, पण मग वाडीची जागा भावाच्या एकट्याच्या हातात जाईल. नाही केली तर गावठाण होईपर्यंत असंच. "तुम्ही सांगा, मी काय करू?"

म्हातारी म्हणाली, "मला काय कलतं? तू शिकलीस, तूच सांग."

मी मुलाकडे बघितलं. त्याने वाशाला दोरी आवळली आणि म्हणाला, "निकाल कवा लागंल?"

"दिवाळीपर्यंत लागायला हवा."

मला तसंच सांगितलं गेलं होतं. तो म्हणाला, "मंग थांबू." मी सही केली नाही.

दिवाळी गेली. त्या भाऊबीजेला भाऊ आला नाही. मी ताट तयार करून ठेवलं होतं, निरांजनातलं तूप घट्ट झालं. यजमान म्हणाले, फोन कर. मी केला, भावजयीने उचलला, म्हणाली, "ते झोपलेत, ताय." मागून त्याचा खोकला मला ऐकू येत होता.

दुसरा उन्हाळा आला. मी दर रविवारी गाडीच्या डिकीत पाण्याचे कॅन घालून वाडीवर न्यायची. त्याने काय होणार होतं? पंधरा-वीस घरं, लेकरंबाळं. बाया कॅन उतरवून घेत, पण पूर्वीसारख्या माझ्याशी गप्पा मारायला थांबत नसत. एकदा एकजण दुसरीला हळूच म्हणाली, "ही दोगा भाव-भैन भांडतान, आनि मरतंव आपन." तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

आणि एका रविवारी मी गेले तर आंब्याखाली टेम्पो उभा होता. त्यात हंडे, पत्रे, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं. भावाने शब्द पाळला होता. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला त्याच्या ओळखीच्या माणसाच्या जागेत पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या, बाहेर नळ होता. वाडीतली अर्धी घरं आधीच तिकडे गेली होती. म्हातारीचा मुलगा टेम्पोत सामान लावत होता.

"तू पण?" मी म्हटलं. "अरे, आता फक्त वरची सही राहिली आहे. एवढं थांबलात, अजून थोडं थांबा. ती जागा पण दुसऱ्याचीच आहे. उद्या त्याला विकावीशी वाटली की पुन्हा तुम्हाला उठवेल."

त्याने कॉट आत सरकवली आणि खाली उतरला. "ठावं हाय," तो म्हणाला. "तुमी सही नाय केली ती आमच्यासाठीच, ते पन ठावं हाय. तुमाला बोल नाय लावत, ताय. पन माजी सून पोटुशी होती, नदीवरना हंडा आनताना पडली. पोर गेला. मी तुमाला सांगला नाय."

त्याने मला बाटलीतलं पाणी दिलं. नळाचं होतं, तिकडच्या खोल्यांवरून भरून आणलेलं.

म्हातारी गेली नाही. मुलाने समजावलं, सून रडली, पण ती म्हणाली, "माजा नवरा हितं पुरलाय, ओढ्याच्या कडंला. मी तिकडं जाऊन कुनाशी बोलू?" वाडीत ती एकटी उरली. मुलगा एक दिवसाआड येऊन पाणी आणि भाकरी ठेवून जायचा. पुढे मला भावजयीकडून कळलं की कधी कधी भाऊच संध्याकाळी फाटक उघडून कळशी भरायचा आणि तिच्या दारात नेऊन ठेवायचा. ती त्याला आत बोलवायची. तो बसायचा. काय बोलायचे, देव जाणे. त्याने मला ते कधी सांगितलं नाही, आणि तो असा आहे म्हणूनच मला त्याचा नीट राग धरता आला नाही.

होळीनंतर काही दिवसांनी म्हातारी गेली. मुलाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. पोचले तेव्हा भाऊ माझ्याआधीच तिथे होता. नवं लुगडं त्याने आणलं होतं. तिरडीला त्याने खांदा दिला आणि ओढ्याच्या कडेला, तिच्या नवऱ्याशेजारी खणलेल्या खड्ड्यात पाय घसरत असतानाही तोच उतरला, तिच्या मुलाबरोबर. दोघांनी तिला खाली ठेवलं. वर यायला त्याला जमेना. त्याने वर हात केला, मी धरला. कित्येक महिन्यांनी आमचा एकमेकांना हात लागला होता.

माती लोटून झाल्यावर तो दगडावर बसून लहान मुलासारखा रडला. म्हातारीचा मुलगा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी थोडी लांब उभी होते. मला तेव्हा वाटलं, आता तो म्हणेल, राहू दे ताय, वाडी राहू दे. पण राहायला कुणी उरलं होतं कुठे? तो डोळे पुसून उठला आणि म्हणाला, "सगला संपला." मग आम्ही दोघं आपापल्या गाडीत बसून निघून आलो.

पावसाळ्याआधी कार्यालयातून स्थळपाहणीला माणसं गेली. सहकारी बाई परत आल्या आणि माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. पर्समधून गोळी काढून माझ्यापुढे धरली, खोकल्याची, उगीचच. मग म्हणाल्या, "घरं रिकामी आहेत गं. राहतं कुणी नाही. वस्तीच नसेल तर गावठाण कशाचं करायचं? प्रस्ताव निकाली काढावा लागेल. मी करू का तुझ्या माघारी?"

मी म्हटलं, "करा. माझ्या माघारी कशाला? समोर करा." त्यांनी माझ्यासमोर शेरा लिहिला. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे.

त्यानंतर मी भावाला फोन करून सांगितलं, सही करते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. यंत्रावर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं, कारकुनाने विचारलं, "राजीखुशीने सोडताय ना?" मी हो म्हटलं. भाऊ मागे उभा होता. त्याने पाकीट पुढे केलं, मी ते घेतलं नाही. त्याने आग्रह केला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताय, चाय घेशील?"

आम्ही टपरीवर चहा प्यायलो. मी एकच मागितलं. "ओढ्याकडची ती जागा सोड. तिथे त्यांची माणसं आहेत."

"ती सोरनारच. तिला कोन हात लावील?" तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. माझा अजूनही तसाच विश्वास आहे.

पाऊस थांबल्यावर तिथे भराव सुरू झाला. डंपर येऊन मुरूम ओतत राहिले. मला कळून मी गेले तोवर ओढ्याची वळणं सरळ झाली होती आणि कडेची जागा कुठली ते ओळखू येत नव्हतं. आंबा तेवढा होता. मी तिथूनच भावाला फोन लावला. ओढ्याकडची जागा बुजली, म्हटलं. मग तो म्हणाला, "मला इचारला नाय त्यांनी. मी सांगला होता. ताय, मी सांगला होता त्यांना." मी फोन ठेवला. म्हातारीच्या मुलाला हे कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

भाऊ आता भाऊबीजेला येतो. मी ओवाळते. दोघांना मधुमेह, त्यामुळे गोळ्यांवर आणि पथ्यावर बोलायला पुष्कळ असतं. भावजय मध्येच टीव्हीचा आवाज वाढवते.

मी अजून तेच काम करते. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका वाडीची बाई कार्यालयात आली. तरुण होती, काखेत पोर. आमच्या बाजूच्या वाडीला गावठाण मिळालं म्हणतात, आमचं पण करा, म्हणाली. पूर्वी मी अशा वेळी लगेच माहिती सांगायला सुरुवात करायची. या वेळी तिला आधी खुर्चीवर बसवलं.

"पाणी कुठून भरता?" मी विचारलं.

"मालकाच्या बोरवर."

"आम्ही मोजणीला आलो की मालक ती बंद करील. कदाचित वाटही बंद करील. निकाल कधी लागेल ते मला सांगता येणार नाही. तेवढे दिवस धरून राहाल का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. सरकारी माणसाकडून तिने हे अपेक्षिलं नसावं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही मान वर केली. पोराने माझ्या टेबलावरचं पंच मशीन ओढायला हात लांब केला, तिने तो धरून खाली घेतला.

"घरी इचारून सांगते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "विचारा. सगळ्यांना विचारा, बायांना आधी." ती जिना उतरून गेली. अजून तरी परत आलेली नाही.